फोटो टाकला का, सर?

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन. महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भातल्या त्याहून उशिरा. पृथ्वी वाचवायचा दिवस नेमका उन्हाळी सुट्टीत पडतो.

तरी फोटो येतात.

कसे येतात, ते सरांना विचारा. ग्रुपवर फर्मान सुटतं : रोप, विद्यार्थी आणि शाळेचा फलक एकाच फोटोत हवा, लिंक आजच भरावी. मग गल्लीत क्रिकेट खेळणारी दोन पोरं धरून आणायची. अंगात गणवेशाचा शर्ट, खाली घरची बर्म्युडा. फोटो कमरेच्या वरचाच काढायचा. झालं पर्यावरण.

बरं, पर्यावरण हा शाळेतला विषय काही हौसेने आलेला नाही. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो सक्तीचा करायला सांगितला. २००३ मध्ये पुन्हा कान उपटावे लागले. या काळात समित्या बसल्या, पुस्तकं आली, शाळाशाळांत हरित सेना उभी राहिली. टोप्या आल्या, बॅज आले. लढाई कुठे चाललीय, तेवढं विचारू नका.

अकरावी-बारावीला तर ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ अनिवार्य. त्याचा प्रकल्प कुठे मिळतो? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. ‘जलप्रदूषण देऊ की घनकचरा?’ स्पायरल बाइंडिंगसकट. ऋणनिर्देशही तयार असतो, आपलं नाव तेवढं घालायचं. घाईत तेही राहतं आणि गेल्या वर्षीचा कुणीतरी यंदाच्या मॅडमचे मनःपूर्वक आभार मानतो.

कागद अर्थातच एका बाजूने छापलेला.

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचं धरण, त्यात चमकीचं पाणी. दारात ‘प्लॅस्टिक टाळा’ असा आठ फुटी फलक. फलक कशाचा? फ्लेक्सचा. फ्लेक्स कशाचा? जाऊ द्या, परीक्षेत येणार नाही.

जुलैत वनमहोत्सव. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते गुलमोहर. झाड मूळचं मादागास्करचं, खड्डा गेल्या वर्षीचा. या रोपाला खरी तहान लागते मे महिन्यात, तेव्हा शाळेला कुलूप. पाणी कोण घालणार? शिपाई? अनेक जिल्हा परिषद शाळांत तेही पद नाही. रोपाने सुट्टीचं परिपत्रक वाचायला हवं होतं.

आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात एकच पालुपद : साहित्य द्या. तक्ते द्या, किट द्या, पीपीटी द्या. बरी साधनं नाहीत असं नाही. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ (सीएसई) या संस्थेचा ‘ग्रीन स्कूल्स’ उपक्रम आहे. त्यात मुलांनीच शाळेचा हिशेब तपासायचा : हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा. घोषणा नाहीत, नुसती मोजदाद.

तेवढ्यासाठी दिल्लीही नको. शाळेचा गळका नळ पुरे. खाली बादली ठेवा, तास संपल्याची घंटा झाली की मापाने पाणी मोजा, वहीत लिहा. रात्रीही तो गळतच असतो, म्हणून अख्ख्या दिवसरात्रीचा हिशेब मांडा. वर्षाचा काढा. चौथीच्या पोराला गुणाकार येतो आणि परिसर अभ्यासही. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी ताटांत उरलेली खिचडी मोजा. तिसऱ्या दिवशी मैदान बघा : पेव्हर ब्लॉक बसवल्यापासून पावसाचं पाणी जातं कुठे?

मग कुणी करत का नाही?

कारण तक्ता उलट प्रश्न विचारत नाही. पोरगं विचारतं. आकडा फळ्यावर चढला की पुढचा सवाल, वॉशर कोण आणणार? मग शाळा व्यवस्थापन समिती, मग ग्रामपंचायत, मग निधी. पेव्हर ब्लॉकचं तर नावच नको, त्याच्या कोनशिलेवर नावं आहेत.

मुख्याध्यापक शहाणे असतात. बादली आत ठेवायला लावतात आणि मायेने म्हणतात, ‘बाळांनो, त्यापेक्षा पाणी वाचवा असं एक छानसं पोस्टर काढा बघू. फोटो पाठवायचाय.’