शंभर ग्रॅम तीळ कोण खातं?

एका रकान्यात डबाबंद मटार, शेजारी तीळ, दोन्ही 100 ग्रॅम. कॅल्शियम मटारात जेमतेम 20 मिलिग्रॅम, तिळात 975 च्या आसपास. प्रथिनं इकडे चार-साडेचार ग्रॅम, तिकडे सतराच्या पुढे. असा तक्ता समोर आला की तीळ जिंकले म्हणून मंडळी मोकळी होतात. आकडे खरे आहेत, निकाल चुकीचा आहे.

शंभर ग्रॅम तीळ म्हणजे चांगली वाटीभर. एका बैठकीत तेवढे कोण खातं? खाल्लेच तर 50 ग्रॅम तेल आणि पावणेसहाशे कॅलरी पोटात जातील. आपल्या पानात तीळ येतात ते चमच्याने: चटणीत, कुटात, बाजरीच्या भाकरीवर. चहाचा चमचाभर तीळ 3 ग्रॅम भरतात. त्यातून कॅल्शियम मिळतं 29 मिलिग्रॅम आणि प्रथिनं अर्धा ग्रॅम. मटार मात्र वाटीने खाल्ले जातात. शंभर ग्रॅमच्या वाटीत कॅल्शियम 20 मिलिग्रॅम, प्रथिनं चमचाभर तिळांच्या आठपट, लोहही दुप्पट आणि वर 4 ग्रॅम तंतू. पानात वाढून बघितलं की कॅल्शियम सोडून बाकी तक्ता असा उलटतो. प्रौढ माणसाची कॅल्शियमची शिफारस दिवसाला 1000 मिलिग्रॅमची आहे. चमचाभर तिळांवर हाडांची भिस्त ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावाच.

मुळात ही तुलना पाण्याशी आहे. निथळलेल्या मटारात शंभरातले 80 ग्रॅम पाणीच असतं, तिळात पाचेक ग्रॅम. कोरडं आणि ओलं एकाच तागडीत घातलं की कोरडं दर वेळी जिंकणार.

आणि ते 975 सालासकट तिळांचे. संक्रांतीला वड्या शुभ्र दिसाव्यात म्हणून आपण पॉलिशचे तीळ आणतो. त्यांचं साल निघालेलं असतं आणि सालाबरोबर बहुतेक कॅल्शियमही. शंभर ग्रॅममागे उरतं 60 मिलिग्रॅमच्या आसपास. सालातलं कॅल्शियमही ऑक्झलेटशी बांधलेलं, त्यामुळे सगळं अंगी लागत नाही. तरीही मी गावरान, सालाचेच तीळ घ्या म्हणेन. मंद आचेवर तडतडू लागले की लगेच उतरवून भरड कुटायचे; अख्खे तीळ दाताखालून निसटतात आणि न पचता तसेच बाहेर पडतात.

डब्याची बाजू घेतली म्हणून डबा निर्दोष ठरत नाही. 1810 साली निकोला अपेरला फ्रान्स सरकारने 12 हजार फ्रँकचं बक्षीस दिलं ते अन्न हवाबंद करून, उकळून टिकवून दाखवल्याबद्दल. टिकण्याची किंमत उष्णता वसूल करते. ताज्या मटारात 40 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, डब्यातल्यात दहाच्या आसपास उरतं. प्रथिनं आणि तंतू बहुतेक शाबूत राहतात. खरा त्रास मिठाचा: शंभर ग्रॅमला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. काही डब्यांत तर वाळलेले मटार भिजवून भरलेले असतात. लेबलावर ते लिहिलेलं असतं, वाचा.

भोगीच्या भाजीत मटार, पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर एकत्र शिजतात आणि त्यात तिळाचं कूट पडतं. ताज्या भाज्यांतलं क जीवनसत्त्व तिळातलं लोह शोषायला मदत करतं. एका कढईत एकमेकांना हात देणाऱ्यांची कुस्ती कशाला लावायची? जानेवारीत मंडईत शेंगांचे ढीग असताना डबा आणायचं काहीच कारण नाही. जूनमध्ये गोठवलेले मटार मिळाले तर ते घ्या. डबाच उघडावा लागला तर पाणी ओतून द्या, मटार चाळणीत धरून नळाखाली धुवा, बरंचसं मीठ निघून जातं. आणि भाजी चाखून बघितल्याशिवाय वरून मीठ घालू नका.