रानससा की दगडफूल? खात्रीशीर ओळख, घरच्या घरी

प्रथम दोन्ही नमुने जमवावेत. दगडफूल सह्याद्रीच्या ओलसर रानात झाडांच्या सालीवर मिळते. तेवढे चालणे होत नसेल तर वाण्याकडे, खड्या मसाल्याच्या खणात. ससा वाण्याकडे नसतो. त्याच्यासाठी सकाळी माळावर जावे. पिंजऱ्यातला पांढरा ससा चालणार नाही. त्याचे पूर्वज युरोपात बिळे करून राहणारे, पिल्ले जन्मतात तीही उघडी आणि आंधळी. आपला रानससा बीळ खणत नाही आणि त्याची पिल्ले अंगभर केस नि उघडे डोळे घेऊनच येतात.

दिवसा तो गवत दाबून केलेल्या उथळ जागी, कान पाठीला चिकटवून बसतो. आपण पायाशी पोचलो तरी ढिम्म हलत नाही. नवशिक्यांचा घोळ इथेच होतो, कारण ढिम्म बसणे हा दगडफुलाचाही स्वभाव. अशा वेळी आणखी एक पाऊल टाकावे. नमुना उधळला तर ससा. नाही उधळला तर वर्षभर थांबावे. दगडफूल तेवढ्यात काही मिलिमीटर सरकते, तेही कडेने वाढून.

रंगावर विसंबू नये. सशाच्या मानेमागे काळा पट्टा असतो हे खरे, पण दगडफूल उलटून पाहा, तेही खालून काळेकुट्ट! शिवाय कडेला बारीक काळे केस. पाणी शिंपडल्यास करड्या दगडफुलावर हिरवट झाक चढते, कारण बुरशीच्या पातळ थराखालचे शैवाल दिसू लागते. सशावर पाणी शिंपडू नये.

‘एकटा की भागीदारीत?’ ही कसोटी मात्र बाद समजावी. दगडफुलात बुरशी आसरा देते, शैवाल उन्हावर अन्न तयार करते. झाडाकडून घेतात ती फक्त जागा. हा दोघांचा संसार आहे असे श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने 1860च्या दशकात सांगितले, तेव्हा दगडफुलांचे जाणकारच भडकले होते. सशाबद्दल कोणी भडकत नाही. पण त्याच्याही आतड्याच्या पिशवीत जिवाणू गवत आंबवतात, आणि तो सारा माल वाया जाऊ नये म्हणून ससा आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो.

तरीही शंका उरलीच तर कढई तापवावी. दगडफूल तेलात परतले की गोड्या मसाल्याचा वास सुटतो. ससा परतायला घेतल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू होतो, आणि मग नमुन्याची ओळख वनखात्याचे लोकच पटवून देतात, पंचनाम्यासकट.