शिरस्तेदारांचा न्याय

संगणक मंद चालू लागला की जाणते लोक प्रथम यंत्राच्या वयाकडे आणि मग मालकाच्या वयाकडे पाहतात. परंतु कालपर्यंत तरतरीत असलेले यंत्र, केवळ लिनक्सच्या नव्या आवृत्तीचा अंगीकार केल्यामुळे, एका रात्रीत गलितगात्र व्हावे, ही घटना वार्धक्याच्या सदरात घालता येत नाही. आमच्या भाच्याने निदान दोन शब्दांत उरकले : "शेड्युलर, मामा!"

रोगाचे नाव कळले, रोग कळला नाही. म्हणून खोलात उतरलो, तो तेथे मला साक्षात मामलेदार कचेरी भरलेली आढळली. ग्राफिक्स कार्ड हे तेथील हुजूर. कर्तबगारी अफाट, पण हाती घेतलेले प्रकरण अर्ध्यावर टाकून दुसरे पाहणे त्यांच्या प्रकृतीला फारसे मानवत नाही. त्यामुळे कोणाचा कागद त्यांच्यापुढे आधी सरकवायचा हे ठरविणारा शेड्युलर, म्हणजे शिरस्तेदार, हाच खरा सत्ताधीश. लिनक्समधले हे गृहस्थ मूळचे एएमडीच्या ड्रायव्हरच्या पदरी होते. पुढे सामाईक दफ्तरात त्यांची बदली झाली आणि इतर ड्रायव्हरांचे कागदही त्यांच्या हातून जाऊ लागले.

त्यांचा जुना शिरस्ता पाळीपाळीचा : प्रत्येक पक्षकाराच्या गठ्ठ्यातून एकेक कागद. वरकरणी निर्दोष, पण ज्याचा गठ्ठा जाड, त्याचा तळचा कागद कुजत पडे आणि मागाहून आलेला एककागदी इसम हसत घरी जाई. या अन्यायाचे परिमार्जन म्हणून २०२३ साली, ६.२ या आवृत्तीत, नवा शिरस्ता कायम झाला : ज्याची नोंद बारनिशीत आधी, त्याचा निकाल आधी. यापरते न्याय्य काय असणार! परंतु पडद्यावर खिडक्या मांडणारा जो कंपोझिटर, तो बिचारा ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चिठोरे घेऊन येतो. काम क्षणाचे, पण मुदत टळली की ती चौकट हुकलीच. नेमका त्याच्या पुढ्यात एखादा अवजड खेळ आपले सारे बाड एकदम नोंदवून बसलेला असला, की खिडकी जागच्या जागी गचके खात राहते. मौज ही की माऊसचा बाण अशा आणीबाणीतही स्वच्छंद बागडत असतो. बहुतेक यंत्रांत त्याला पडद्यावर स्वतंत्र थर बहाल केलेला असल्यामुळे शिरस्तेदारांची पायरी चढण्याची त्याला गरजच पडत नाही. वशिला म्हणतात तो हा.

२०२५ साली इगालिया या संस्थेच्या त्वर्त्को उर्सुलिन यांनी निराळाच प्रस्ताव मांडला : कोण आधी आला हे न पाहता हुजुरांचा वेळ आजवर कोणी किती खाल्ला हे पाहावे, आणि कमी खाणाऱ्यास पुढे घ्यावे. प्रोसेसरच्या कचेरीत इंगो मोल्नार यांनी २००७ सालीच ही वहिवाट घातली होती. कागद मोजण्याऐवजी वेळ मोजावा, हे सुचायला इतका काळ का लागला हे मला समजत नाही. पण कचेऱ्यांचा पूर्वेतिहास पाहता तो फार लागला असेही म्हणवत नाही.

तूर्त भाच्याने, यंत्र सुरू होतानाच्या आज्ञांत एक शून्य घालून, पाळीपाळीचा जुना शिरस्ता पुन्हा जारी केला. खिडक्या सुरळीत सरकू लागल्या. संध्याकाळी तोच भाचा, आपला खेळ आता रखडतो अशी तक्रार घेऊन माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा मी चष्मा न काढता त्यास लेखी अर्ज करण्यास फर्माविले.