आत्याच्या दंडावरची वाटी

आमच्या आत्याच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. झिजलेल्या नाण्यासारखा गोल, मधे किंचित खोलगट. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्यावरून बोट फिरवत असे आणि ती दरवेळी सांगे, ‘देवी काढल्या तेव्हा वेशीपर्यंत ऐकू जाईल एवढी रडले होते मी.’ २०२१च्या जूनमध्ये, कोविडचे निर्बंध जरा सैलावल्यावर मी साताऱ्याला तिच्याकडे गेलो, तेव्हा नेमक्या त्या व्रणाशेजारी एक स्टीलची वाटी चिकटलेली होती. खांद्यावर कबुतर येऊन बसावं आणि ते उडू नये म्हणून माणसानं श्वास रोखून धरावा, तशी आत्या बसली होती. ओठ न हलवता म्हणाली, “आलास? हळू ये. दार आपटू नकोस.”

त्या आठवड्यात नाशिकच्या एका ज्येष्ठ गृहस्थांची चित्रफीत घरोघरी पोचली होती. कोविडची लस घेतल्यापासून अंगाला चमचे नि नाणी चिकटतात, असं त्यांचं म्हणणं. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं हे निराधार असल्याचं लगेच कळवलं. पण सरकारी खुलासा हा लग्नातल्या पाणी वाढणाऱ्यासारखा असतो, पंगत जिलबीवाल्याकडेच बघत असते. आत्यानं दोन्ही डोस घेतले होते, घरात वाटी होती, दुपार मोकळी होती. प्रयोगाला आणखी काय लागतं?

मी माझ्या परीनं शास्त्र सांगितलं. एका डोसात अर्धा मिलिलिटर द्रव. कोविशील्डच्या घटकांच्या यादीत साखर आहे, मीठ आहे, लोखंड नाही. मॅग्नेशियम क्लोराइड आहे खरं. पण मॅग्नेशियम आणि मॅग्नेट हे फक्त गाववाले. ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या मुलखावरून दोघांची नावं पडली, तेवढंच. आडनाव एक म्हणून सोयरीक असतेच असं नाही, हे आत्याला पटलं. तिनं आयुष्यात बरीच स्थळं पाहिली होती. “आणि रक्तात लोखंड असतं ते?” तिनं विचारलं. असतं, सगळ्या शरीरात मिळून ३-४ ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. पण ते एमआरआयच्या यंत्रातही ओढलं जात नाही, आणि तिथलं चुंबक पृथ्वीच्या तीसेक हजार पट जोरदार असतं. आत्या गप्प झाली. वाटी मात्र होती तिथेच होती.

मग तिनं हुकमाचं पान काढलं. “फोनला कळतं म्हणे. लाव बघू.” फोनला कळतं हे खोटं नव्हे. त्याच्या पोटात तिळाएवढा चुंबकमापक असतो; त्याच्याच जिवावर होकायंत्राचं अ‍ॅप चालतं. पृथ्वीचं चुंबकत्व जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरतं, तेवढं तो ओळखतो. आधी मात्र फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवावा लागतो. मी तो फिरवू लागलो आणि आत्यानं नकळत मान किंचित झुकवली. औक्षण समजूनच, दुसरं काय! फोन दंडाजवळ नेला. काही नाही. मनगटाकडे नेला आणि सुई दचकली. आत्याचे डोळे चमकले. पाहतो तर बांगडीत सेफ्टीपिनांचा घोस. गेली पन्नास वर्षं नात्यातल्या प्रत्येक लग्नात कुणाचा तरी पदर, कुणाचा तरी गजरा सावरत आलेला घोस. एवढा वेळ आत्यात शोधत होतो ते लोखंड सापडलं ते असं.

तिला हसावं, तर ही हौस आजची नाही. मुंबईत १८०२च्या जूनमध्ये तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानं लस टोचलेल्यांच्या नाकाकानांतून, दंडांतून गायी उगवताना दाखवल्या, कारण लस गायीच्या देवीपासून आली होती. शतक ज्याला भुलतं, त्याचंच भूत ते माणसाच्या अंगात पाहतं. तेव्हा गोठा होता, आता फोन आहे. लस घेतलेला माणूस ब्लूटूथच्या यादीत दिसतो, असंही २०२१मध्ये फिरत होतंच. आकडे नि रोमन अक्षरांचं ते अनोळखी नाव बहुधा शेजारच्यांच्या टीव्हीचं असतं. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी पावडरचा डबा आणला. घाम, त्वचेचं तेल आणि वाटीचा गुळगुळीतपणा यांचा तो सगळा खेळ. तशीही स्टीलची बरीच भांडी खऱ्या चुंबकाला धूप घालत नाहीत. दंडावर पावडर फासली, वाटी लावली, आणि ती टणकन फरशीवर पडून स्वतःभोवती गरगरत, कुरकुरत निजली. आत्या तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, “वर्ष-सव्वा वर्षात जवळ आलं नाही रे कुणी. ही आपली बसली होती.”

मला काही सुचलं नाही. निघताना पाया पडलो, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघांच्या तळव्यांना घाम होता. पावडर कुणी मागितली नाही. फाटकाबाहेर आल्यावर फोन काढला. होकायंत्र चालूच राहिलं होतं आणि सुई इमानेइतबारे उत्तर दाखवत होती. आत्याचं घर माझ्या पाठीशी, दक्षिणेला होतं.