आपत्तीसाठी घर सज्ज आहे का? पैकीच्या पैकी गुण कसे मिळवाल

आधी एक पक्कं करा: आपल्याला पास व्हायचंय. म्हणून तपासणी रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, वीज-पाणी-नेट सगळं धड चालू असताना करा.

१. बॅटरी शोधा. सापडली? शाबास. लागत नसेल तर घाबरू नका, तिचे सेल भिंतीवरच्या घड्याळात आहेत. दिवे गेले तर ते किती वाजता गेले, हे तुम्हाला अचूक सांगता येईल. मेणबत्त्याही आहेत की! बाबांच्या पन्नाशीच्या केकवरचे पाच आणि शून्य.

२. आता सिलिंडर. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. तोवर टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. हे दारातच बघून घ्यायचं असतं, पण तेव्हा तुम्ही सुटे पैसे शोधत असता. चालायचंच. रबरी नळी कधी बसवली हे आठवत नसेल तर ‘आत्ताच तर बदलली’ असं लिहा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. तो गॅसच्या पुस्तकात लिहून ठेवा, पुस्तक कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली आईकडे द्या. आई नाशिकला गेली आहे.

३. आग. पॅसेजमध्ये लाल नळकांडं आहे. पिन काढायची, तोंड ज्वाळांच्या बुडाशी धरायचं आणि दांडा दाबायचा. सोपं आहे. फक्त ते कुणी पळवू नये म्हणून कुलपात ठेवलंय, किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी रात्री दहाला फोन सायलेंटवर टाकून झोपतात. तेव्हा आग दहाच्या आत लागेल असं बघा. उतरायला जिना आहेच. चपलांचं कपाट, नातवाची सायकल आणि समोरच्यांचा कूलर ओलांडला की लागतोच.

४. औषधांचा डबा भरलेला दिसला पाहिजे. मुदत संपलेल्या गोळ्या फेकून गुण घालवू नका.

५. पूर. इथे पुणेकरांना सवलत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची हकिगत सांगणारं माणूस घरात असेल तर थेट दहा गुण. पाणी कुठवर आलं होतं हे त्यांनी हात वर करून दाखवलं तर आणखी पाच. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर सांगावेत. तो आकडा सांताक्रूझचा असला तरी दादरकरांनी संकोच करू नये. घराची कागदपत्रं सगळ्यात खालच्या कप्प्यात असू द्या. माळ्यावर, पाणी पोचणार नाही अशा जागी, जुन्या मिक्सरचं रिकामं खोकं आहे.

आता बेरीज करा. गुण कमी पडले तर ‘शेजारचे आहेत ना’ या सदराखाली हवे तेवढे वाढवून घ्या. शेजाऱ्यांना विचारत बसू नका. त्यांनीही ते सदर भरलंय, तुमच्या नावावर.