पंधरा सेकंदांचा संगीतकार

निवृत्तीनंतर काहीतरी शिकावं, असं सगळे सांगतात. काय शिकू नये ते कुणी सांगत नाही. म्हणून गेले चौदा महिने मी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करायला शिकतो आहे. गुरू एकूण तेवीस, सगळे यूट्यूबवर. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी आधी पाणी भरायचा, मग कधीतरी गंडा बांधला जायचा. आमच्यात गंडा आधी. शिकवणी सुरू व्हायच्या आत सबस्क्राइब करायचं आणि देवळात शिरताना वाजवतात तशी घंटी वाजवायची. त्यानंतर गुरुजी तीन मिनिटं स्वतःच्या खुर्चीबद्दल बोलतात.

पहिला धडा सोपा होता. पडद्यावर सोळा चौकोनांची ओळ येते. त्यातला पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा टिचकी मारून पेटवायचा, वेग १२८ ठेवायचा, की किक ड्रम धम् धम् धम् धम् सुरू. वेग थोडा कमीजास्त करा, पण वरातीपासून हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत माणसं नाचतात ती याच चार ठोक्यांवर. त्या रात्री मला झोप आली नाही. शेजाऱ्यांनाही नाही, कारण हेडफोनची पिन नीट बसली नव्हती.

मग आलं साइडचेन. किक पडली की बेसनं क्षणभर दबायचं, किक सरली की पुन्हा वर यायचं. हे डोक्यात शिरायला पोरांना म्हणे महिने लागतात. मला मिनिटभर लागलं. बत्तीस वर्षं कचेरीत काढली आहेत. साहेब केबिनच्या दारात आले की सेक्शनमधली कुजबुज दबते, दार लागलं की वर येते. फक्त साहेबांनी मिनिटाला १२८ वेळा बाहेर यायला हवं.

इथवर ठीक होतं. पुढे घराण्यांचे वाद लागले. एक गुरू म्हणतात, तयार गाण्याचा आवाज उणे १४ लफ्सवर ठेवा, स्पॉटिफाय तसंही त्याच पातळीला आणतं. दुसरे म्हणतात, भिंत हलेल एवढं चढवा. तिसरे सांगतात की तुमच्या २०० ते ४०० हर्ट्झमध्ये चिखल साचलाय, तो आधी उपसा. मी आठवडाभर उपसला. वाफ्यात एक रोप नाही आणि आमची खुरपणी जोरात.

कारण रोप, म्हणजे गाणं, अजून झालेलं नाही. झालाय तो आठ बारचा तुकडा. आठ बार म्हणजे बत्तीस ठोके, १२८ च्या वेगानं बरोबर १५ सेकंद. सोळाव्या सेकंदाला काय करायचं, हे कळत नाही म्हणून मी नवा व्हिडिओ लावतो. त्यातून नवा तुकडा निघतो. असे ४१ आहेत. सलग लावले तर माझी साधना सव्वादहा मिनिटांची भरते.

मधूनच एखादा गुरू इतिहास सांगतो आणि मी पार खचतो. रोलंड कंपनीनं टीबी-३०३ नावाची पेटी काढली होती, एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. साथ इतकी विचित्र की खप झाला नाही आणि १९८४ साली उत्पादन बंद पडलं. शिकागोच्या पोरांनी ती पेटी घेतली, खुंट्या नको तितक्या पिळल्या आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' बाहेर आलं. तिथून ॲसिड हाउस. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या सिनेसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तीच पेटी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. त्या तबकडीला तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगानं कान टवकारले. यूट्यूब आलं २००५ साली. म्हणजे या गृहस्थांनी एकही व्हिडिओ न पाहता हे केलं. घंटीसुद्धा वाजवली नाही!

भाद्रपदात मंडळाचा पोरगा वर्गणीची पावती फाडायला आला. आमच्या साताऱ्यात गणपतीपुढचे हलगी मिक्स तोच करतो. लॅपटॉपची तीन बटणं तुटलेली, गुरू शून्य. माझा सत्ताविसावा तुकडा चालू होता. त्यानं उभ्या उभ्या ऐकला.

"काका, पुढं काय हाय?"

"पुढं हेच."

"मग द्या की पेनड्राइव्हवर."

विसर्जनाच्या रात्री आमच्याच कोपऱ्यावर ट्रॉली वळेना. ट्रॅक्टर पुढे-मागे, तारा उचलायला बांबू, पोलीस शिट्ट्या मारतायत. पोरगं ठरलेलं गाणं वाया घालवायला तयार नव्हतं. त्यानं माझे १५ सेकंद लावले आणि वर हलगी सोडली. पाऊण तास. पोरं नाचत होती, खिडक्यांच्या काचा नाचत होत्या, २०० ते ४०० हर्ट्झमधला चिखल कुणाच्याही पायाला लागत नव्हता. मी गॅलरीत उभा राहून बेस कसा दबतोय ते बोटांवर मोजत होतो.

ही कानात कापूस कोंबत बाहेर आली.

"अहो, हे तुमचंच ना?"

"हो," मी म्हणालो, जरा ताठ होऊन.

"मग संपवा की!"