मिस्टरांच्या लक्षात आलं!

मराठी लेखकाला मानधन वेळेवर मिळू शकतं, यावर माझा विश्वास नव्हता. तो एका फेस क्रीमने बसवला.

माझा पुतण्या सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीचं ‘ऑनलाइनचं बघतो’. म्हणाला, “काका, रिव्ह्यू लिहायचेत. दोन-दोन ओळी, बायकांच्या नावाने. पैसे लगेच फोनवर.” असं वाक्य मला एकाही दिवाळी अंकाच्या संपादकाने ऐकवलेलं नव्हतं. सावेडीतल्या घरात बसल्या बसल्या मी श्रीगोंद्याची नवी नवरी झालो, शेवगावची शिक्षिका झालो, पाथर्डीच्या कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेशही घेतला.

पहिली खेप परत आली. “काका, फार शुद्ध आहे. चुका करा.” जन्मभर मुद्रितं तपासलेल्या मला ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवताना घाम फुटला. शिवाय सगळीकडे पाच स्टार द्यायचे नसतात. मधूनच चार द्यायचे आणि ‘डबी जरा लहान वाटली’ म्हणून कुरकुरायचं. अशी बारीक खोट ठेवली की मोठं खोटं पचतं.

दुसऱ्याच्या नावाने रिव्ह्यू लिहिण्याची अक्कल आमचीच, असं मला वाटत होतं. पण अमेरिकेतल्या ‘संडे रायली’ कंपनीने ती आधीच वापरली होती. सेफोरा या प्रसाधनांच्या दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर आपल्या क्रीमांची तारीफ तिने कर्मचाऱ्यांकडूनच लिहून घेतली. २०१६ मध्ये मालकीणबाईंचा ईमेल निघाला : प्रत्येकाने तीन खाती उघडा, वाईट रिव्ह्यू दिसला की ‘नापसंत’ करा. २०१९ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने याबद्दल कंपनीवर आरोप ठेवले. समझोता झाला, दंड शून्य. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, तेही ऐच्छिक. ऐच्छिक म्हटल्यावर मला शांत झोप लागली. आणि मी तर नगरचा! सलाबतखानाच्या कबरीला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चांदबिबीचा महाल म्हणतो. नाव एकाचं, मुक्काम दुसऱ्याचा, ही इथली रीतच आहे.

एका संध्याकाळी बायको फोन बघत खुदुखुदु हसायला लागली.

“अहो, ऐका. ‘तिसऱ्याच दिवशी मिस्टर म्हणाले, आज काही वेगळीच दिसतेस!’ खालच्या बाईच्या मिस्टरांच्याही लक्षात आलं. तिच्या खालचीच्याही. अन् ही पाथर्डीची तर कॉलेजात शिकते म्हणते, तिलाही मिस्टर! हे कुणा बाप्यानेच लिहिलंय.”

“कशावरून?” मी पेपरात तोंड घालून विचारलं.

“माझ्या चष्म्याची फ्रेम कधी बदलली, सांगा.”

मी पेपर खाली केला. “बदलली?”

रात्री पुतण्याला फोन लावला. म्हटलं, “यापुढे मिस्टर बंद. सासूबाईंनी तोंडभरून कौतुक केलं, असं लिहितो.”

“काका,” तो म्हणाला, “थोडं तरी खरं वाटायला नको का?”